कोणती घेऊ, भाऊ?

धानाला यंदा भाव काय मिळणार, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात मागे पडला आहे. बोनस खात्यात कधी जमा होणार, हाही पडला. चहाटपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत आता एकच खल चालू आहे : थार घ्यावी, जिमनी घ्यावी, जुनी जिप्सी शोधून सजवावी, की ती फुगीर चाकांची एटीव्हीच आणावी? विचारणारा पोरगा असतो, पैसे मोजणारा बाप असतो आणि मत द्यायला अख्खा चौक मोकळा असतो. दोघांची ही ओढाताण पाहवत नाही, म्हणून जनहितार्थ चार शब्द.

गाडी घेण्याआधी गरज ओळखावी, असे सगळे जाणकार सांगतात. रस्ता सोडून चालते ती ऑफ-रोड गाडी. अमेरिकेतल्या माणसाला चिखलात रुतायची हौस आली, तर सुटीचा दिवस गाठावा लागतो, गाडी ट्रेलरवर चढवावी लागते आणि दूरच्या रानात जाऊन रुतावे लागते. आपल्याकडे ही सोय घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस, काळी-पिवळी चिकण माती आणि मुरूम कागदावरच पडलेला पांदण रस्ता, एवढे साहित्य असताना वेगळा ट्रॅक बांधायची गरज नाही. आठही तालुक्यांत प्रवेश विनामूल्य आहे.

गंमत अशी की, जुलैच्या पांदणीत थार दिसत नाही. ती गोरेलाल चौकात दिसते.

तेव्हा पहिला मान थारचा. पहिली थार २०१० मध्ये आली. नव्या अवतारातली विक्रीला आली २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे साध्या राहणीचा उपदेश ऐकण्याच्या दिवशी. कंपनी म्हणते, गाडी ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते आणि तिच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे. या दोन्ही आकड्यांचा गोंदिया शहरात कस लागतो तो गतिरोधकावर आणि गाड्या धुण्याच्या केंद्रावर. पुढे जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने आपल्या मनातले ओळखले आणि फक्त मागच्या दोन चाकांना जोर देणारी, त्यामुळे स्वस्त पडणारी थार आणली. चिखलात तिची गत साध्या गाडीसारखीच व्हायची, पण चौकात उभी केली की दोघी सख्ख्या बहिणी. गाडी चौकासाठीच घ्यायची असेल, तर पुढच्या दोन चाकांच्या जोरासाठी जास्तीचे पैसे का मोजा? हा हिशोब ज्याला कळला, तो खरा राइस मिलवाला.

गाडी घरी आली की शृंगार सुरू होतो. वेड्या मापाचे टायर, पुढे लोखंडी गजांचे जाड कडे, टपावर दिव्यांची माळ. त्या लोखंडी कड्यावर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. कारखान्यातून निघालेल्या गाडीचे मूळ रूप मनाला येईल तसे बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. एमएच-३५ च्या पाटीखाली फिरणाऱ्या काही गाड्या पाहता, ही दोन्ही पत्रे अजून टपालातच असावीत.

दुसरी जिमनी. पाच दारांची जिमनी जून २०२३ मध्ये भारतात आली. वजन जेमतेम बाराशे किलो, त्यामुळे जड गाडी जिथे रुतते तिथून ही हलक्या पावलाने निघते. भारतात बनलेली हीच गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानात विक्रीला ठेवली, तर काही दिवसांत पन्नास हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. आपल्याकडे मात्र तिच्यात एक अक्षम्य दोष निघाला : ती लहान दिसते. “एवढ्या पैशात एवढीशीच?” हा बापाचा प्रश्न जपानी माणसाला सुचला नाही, म्हणून तो फसला. आपल्याकडे गाडीची उंची शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरते, आणि शेजाऱ्याने आधीच थार घेतलेली असते.

तिसरी जिप्सी. १९८५ मध्ये आलेली ही बाई २०१९ मध्ये शोरूममधून निवृत्त झाली, पण कामावरून अजून सुटलेली नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या फाटकातून पहाटे आत जाणे, दुपारी परतणे आणि धूळ झटकून पुन्हा आत जाणे, हा तिचा नेम. पडदा नाही, गारवा नाही, गाणी नाहीत. ऑफ-रोड हे काम रोज करणारी जिल्ह्यातली हीच गाडी, म्हणून तिच्यासोबत कोणी सेल्फी काढत नाही. तिच्यात बसून मात्र वाघाचा काढतात.

या जिप्सीचीच एक गोष्ट खरेदीदारांनी ध्यानात ठेवावी. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव फाटकाच्या सफारीत, जिप्स्यांनी एफ-टू वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आता पाहा : गाडी अगदी योग्य होती, वाट ठरलेली होती, परवाना खिशात होता, मार्गदर्शकही शेजारी होता. तरी घडायचे ते घडलेच. म्हणजे बिघाड चारचाकीत नव्हता. तो आसनावर बसलेला होता आणि त्याची सर्व्हिसिंग कुठे होते, हे कोणत्याच माहितीपुस्तिकेत दिलेले नाही.

चौथी एटीव्ही. हिचा जन्म १९७० चा. होंडाने फुगीर टायरांची तीनचाकी काढली आणि अमेरिका तिच्यावर स्वार झाली. ती इतकी उलटू लागली की १९८८ मध्ये कंपन्यांना तिथे नव्या तीनचाक्या विकणे थांबवावे लागले; मग चारचाकीचे राज्य आले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळा वर्षांखालच्या मुलाला हिच्यावर बसवूच नका म्हणते. आपल्याकडे सातवीतल्या पोराला बसवून बाप मोबाइल काढतो आणि आई “हळू रे” म्हणते, एवढी सुरक्षा पुरेशी मानली जाते.

एटीव्हीची खरी अडचण आरटीओत आहे. मौजेची एटीव्ही आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदवून मिळत नाही. स्वतःच्या जमिनीवर नाहीतर रिसॉर्टच्या कुंपणातच फिरवायची. एका परदेशी कंपनीने यावर तोड काढली : एका मॉडेलची नोंदणी चक्क ट्रॅक्टर म्हणून करून घेतली. हौसेच्या गाडीला रस्त्यावर यायचे, तर शेतकऱ्याचा सदरा घालावा लागतो!

तो सदरा ज्याचा आहे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. रोवणीच्या दिवसांत लोखंडी पिंजऱ्याची चाके चढवलेला ट्रॅक्टर गुडघाभर चिखलात दिवसभर गोल फिरतो, धुरा चुकवतो, तिरका होतो, सावरतो. वर बसलेल्याला हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, पार्श्वसंगीत नाही. याला साहस म्हणत नाहीत, चिखलणी म्हणतात. सरकारला मात्र फरक कळतो : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर ५ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या दिमाखदार गाड्यांवर ४०. हौसेला मोल असते, ते इथे टक्क्यांत मोजून मिळते.

आपल्या आजोबांना हा गोंधळ पडला नव्हता. माल वाहायला खासर, बसून फिरायला रेंगी. खासर घेऊन कोणी वरातीला मिरवले नाही आणि रेंगीत कोणी धानाची पोती कोंबली नाहीत. शर्यतीची हौस आली, तर झाडीपट्टीत शंकरपट होता आणि आजही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलांच्या शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून तो उजळ माथ्याने भरतो. पटाला आखलेली धाव असते, वेळ मोजणारे असतात, पाहायला गाव असते आणि रात्री नाटक असते. जोडी कितीही उधळली, तरी दुसऱ्याच्या बांधीतले धान तुडवून पहिला नंबर काढता येत नाही.

नव्या शौकिनांना मात्र नेमकी दुसऱ्याचीच बांधी लागते. गाडी मालगुजारी तलावाच्या पाळीवर चढवली की रील छान येते. पाळीला पडलेल्या चाकोरीतून पावसाचे पाणी वाट काढते, ते रीलमध्ये येत नाही. धुरा फुटला की रोवलेल्या बांधीतले पाणी एका रात्रीत खालच्या शेतात उतरते आणि सकाळी दोन भाऊबंद तहसीलकडे निघतात. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. तो ऐन पावसाळ्यात धानाच्या बांधीत आणि तलावाकाठी घरटे करतो, आणि त्याच दिवसांत आमच्या शूरांना पाणी उडवायची लहर येते. ज्यांना खरोखरच रुतायचे आहे, त्यांच्यासाठी गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते. तिथे गाडीला विंच लावून जातात आणि चिखलात तासन्‌तास झुंजतात. कपडे खराब होतात, हा तेवढा एक तोटा.

तेव्हा निकाल असा. चौकात मिरवायचे असेल, तर दोन चाकांच्या जोराची थार घ्या; वाचलेल्या पैशात सासऱ्यालाही मान राहील. खरेच वाईट वाटेने जायचे असेल, तर जिमनी घ्या आणि शेजाऱ्याची टिंगल सोसा. वाघ पाहायचा असेल, तर गाडी घेऊच नका, नागझिऱ्याचे तिकीट काढा आणि चालकाला “आणखी जवळ घ्या ना” म्हणू नका. एटीव्ही हवी असेल, तर आधी तिला फिरवण्याएवढी जमीन घ्या. जमीन घेतलीत की ट्रॅक्टर लागेलच, मग एटीव्हीचे पैसे वाचतील.

कोणतीही घ्या, भाऊ, पण तलावाच्या पाळीवर आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावर चाक घालू नका. आणि जुलैमध्ये कधी पांदणीत शेजाऱ्याची ट्रॉली रुतलेली दिसली, तर काच खाली करून फोटो काढण्याऐवजी साखळी लावून ती ओढून द्या. चार चाकांना जोर देणारी गाडी तुम्ही उगाच घेतली नाही, हे सिद्ध करायची जिल्ह्यात एवढीच एक जागा आहे.