उंबरमाळीची कसोटी

दहावीच्या पोरांना कल असतो, हे सरकारच्या 2016 साली ध्यानात आलं. राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनला हाताशी धरून राज्यभर कलचाचणी घेतली आणि महाराष्ट्रातल्या पोरांच्या साऱ्या ओढी सात खणांत बसवल्या: कृषी, कला, वाणिज्य, ललितकला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. या चाचणीत नापास कुणीच होत नसे. नापास व्हायचं ते पुढे, अकरावीच्या प्रवेशाला.

समजा, शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळीच्या एका पोराचा कल ललितकलेकडे निघाला. गुरुजी खूश. बाप विचारतो, "कॉलेज कुठं?" गुरुजी सांगतात, "जे.जे., मुंबईला." कसारा लोकलने एका बाजूचे अडीच तास. घरात हिशेब होतो आणि पोरगा शहापूरला बी.ए.ला बसतो. कला ती कलाच!

निदान याला अहवाल तरी मिळाला. चाचणी हिवाळ्यात असायची आणि वीटभट्टीचा हंगामही तोच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून भट्टीवर गेली, की पोरंही सोबत जातात. तिथे कल कुणी विचारत नाही, विटा मोजतात.

दोष चाचण्यांचा नाही. त्या ज्याने काढल्या त्याच्या गावच्या असतात, एवढंच. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने निरक्षर रंगरुटांसाठी चित्रांची बुद्धिचाचणी काढली. त्यात टेनिसचं मैदान दाखवून विचारत, यात काय राहिलं? जाळी! ज्याने जन्मात टेनिस पाहिलं नाही, तो मंदबुद्धी. आपल्याकडच्या शिक्षणतज्ज्ञ व्ही. व्ही. कामतांना हे बरोबर कळलं होतं. बिने यांची बुद्धिमापनाची फ्रेंच कसोटी त्यांनी मराठी आणि कानडी मुलांवर पारखून बेतून घेतली आणि 1940 साली पुस्तक काढलं. म्हणजे पॅरिसहून निघालेली कसोटी मराठी मुलखात पोचली. आता ती कसारा लोकल पकडून उंबरमाळीला उतरावी, एवढंच बाकी आहे.

तोवर आम्हीच एक बेतली आहे. नमुना गट: उंबरमाळीची माणसं. परीक्षार्थी: मंत्रालयातले साहेब. वेळ: टँकर येईपर्यंत.

प्रश्न 1. चित्रात एक नळ आहे. त्यात काय राहिलं? (सूचना: मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी पुरवणारी भातसा याच शहापूर तालुक्यात आहे, तानसाही. 'नियोजन' हे उत्तर ग्राह्य धरू.)

प्रश्न 2. शेवळाच्या रानभाजीत काकडाची फळं का घालतात? हा प्रश्न तोंडी नाही, प्रात्यक्षिक आहे. उत्तर चुकलं तर भाजी परीक्षार्थीनेच खायची. घसा खाजायला लागला की निकाल लागला. परीक्षक नको, फेरतपासणी नको.

प्रश्न 3. टँकरमागे धावणाऱ्या पन्नास हंड्यांत आपला कुठला? स्मरणशक्ती, एकाग्रता आणि कोपर, तिन्हींचं मापन एकदम.

गुण कमी पडले तरी साहेबांनी खचू नये. आमच्याही अहवालात नापास हा शेरा नाही. 'ग्रामीण वातावरणात विशेष साहाय्याची गरज' असं गोड भाषेत लिहून देऊ. ही भाषा आम्ही त्यांच्याच परिपत्रकांतून शिकलो.

आणि हे सारं थट्टा वाटत असेल, तर रेल्वेकडे बघा. सहायक लोको पायलट व्हायला संगणकावर पाच चाचण्या द्याव्या लागतात: स्मरण, सूचनापालन, अंतराचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग. पाचही चाचण्यांत वेगवेगळे किमान 42 टी-गुण हवेत. चारांत कितीही मिळवले, तरी पाचवीत माफी नाही. इतकं पारखून निवडलेल्या माणसाच्या हाती गाडी देतात. ती गाडी उंबरमाळीला किती वाजता आणि दिवसातून किती वेळा थांबणार, हे ठरवणाऱ्याची मात्र अजून कुठलीच चाचणी नाही.