कोण गाव, पाव्हणं?

माळशिरसमध्ये घर बांधणारा माणूस वरच्या मजल्यावर दोन खोल्या जास्तीच्या काढतोच. एक पोराच्या लग्नानंतर लागेल म्हणून, दुसरी कर्जाचा हप्ता भागेल म्हणून. पुढं पोरगं पुण्यात नोकरीला लागतं, लग्न झाल्यावर तिकडंच संसार थाटतं आणि दोन्ही खोल्या भाड्याला निघतात. गिऱ्हाइकाला तोटा नसतो. तालुक्याचं गाव, तहसील, पंचायत समिती, कोर्ट सगळं इथंच. बदली होऊन आलेला कोणी ना कोणी कायम खोलीच्या शोधात असतो. पाटी लावायची गरज पडत नाही. चहाच्या टपरीवर एकदा बोललं की संध्याकाळी फाटकाची कडी वाजते.

अडचण असते ती आलेल्या माणसाला पारखण्याची. आमच्या घरात हे खातं आईकडं आहे. ती पहिल्यांदा पाणी देते आणि पाठोपाठ विचारते, "कोण गाव, पाव्हणं?" समोरचा "पिलीव" म्हणाला, की तिथं दिलेली आत्तेबहीण निघते. "फोंडशिरस" म्हणाला, की कुणाची तरी सोयरीक निघते. चहा संपेपर्यंत पाहुणा कुणाच्या तरी मेव्हण्याचा चुलतभाऊ ठरलेला असतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायचा फॉर्म असतो, त्यावर फोटो आणि आधार लागतो. आईला यातलं काहीच लागत नाही.

या पद्धतीत एकच खोट आहे. नातं निघालं की भाडं मागता येत नाही. पाच तारीख उलटते, दहा उलटते, जिन्यात गाठ पडली की तो "मामा, जेवण झालं का?" असं इतक्या मायेनं विचारतो, की पैशाचा विषय काढणारा मीच हलका ठरतो. उलट एकदा यवतमाळकडचा एक कृषी सहायक आला. आईनं पुष्कळ उलटतपासणी केली, पण तिकडं आमची सोयरीकच नाही. नाइलाजानं, एकही धागा न जुळता खोली दिली. त्या पोरानं भाडं कधी चुकवलं नाही. त्याला बिचाऱ्याला आम्ही कुणीच लागत नव्हतो.

गावानंतर आडनावाची पाळी येते. आडनाव विचारणारा ते पत्रावर घालण्यासाठी विचारत नसतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. काही जण नाव आणि खातं एवढंच सांगून थांबतात. मग क्षणभर कुणीच बोलत नाही, आणि घरमालक "बघतो, कळवतो" म्हणतो. हे कळवणं पुढं कधीच होत नाही. त्यानंतरचा प्रश्न खाण्याचा. रविवारी ज्यांच्या घरातून मटणाच्या रश्श्याचा वास चार घरं जातो, ते मालकसुद्धा भाडेकरूला "तुमच्यात चालतं का?" म्हणून गंभीर चेहऱ्यानं विचारतात. लग्न झालेलं नसेल तर आणखी वांधा. सडाफटिंग पोरगा म्हणजे मित्र, गाणी आणि उशिराची मोटारसायकल. तीच मोटारसायकल आपल्या पोराची पुण्यात कुणाच्या तरी फाटकाशी वाजत असते, हे त्या वेळी आठवत नाही.

आणि हेच गाव आषाढात बघा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीत जिल्ह्यात शिरते, नातेपुत्याचा मुक्काम करते, सदाशिवनगरला रिंगण होतं आणि संध्याकाळी सोहळा माळशिरसला येतो. त्या रात्री आमच्या ओसरीत, अंगणात, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि त्याच दोन खोल्यांत माणसं झोपतात. कोण कुठला, कुणाच्यातला, काही विचारायचं नाही. आईच पिठल्याचं पातेलं घेऊन फिरते, "माउली, घ्या अजून" म्हणते. मोरी, बोअरचं पाणी, मोबाइल चार्जिंगचा बोर्ड, सगळं मोकळं. सबमीटर कुणाच्या ध्यानात येत नाही.

ही भक्ती खरीच आहे, तिच्याबद्दल शंका नाही. पण हिशेबी मन एक गोष्ट हळूच नोंदवून ठेवतं: दुसऱ्या दिवशी सोहळा खुडूसवरून वेळापूरला जाणार, हे पक्कं असतं. उठायचं कधी, हे वारीनं शतकानुशतकं ठरवून ठेवलंय. माणूस जाणार हे नक्की असलं की तो कोण याची पंचाईत उरत नाही. म्हणजे गाव, आडनाव, मटण, लग्न असे फिरून फिरून आपण भाडेकरूला एकच गोष्ट विचारत असतो: बाबा, तू उठशील कधी? तेवढं मात्र तोंडानं विचारायचा धीर होत नाही.

त्याचं उत्तर सरकारनं कागदावर देऊन ठेवलंय. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडं मात्र अकरा महिन्यांचा स्टॅम्पपेपर नोटरी केला की काम झालं, अशी समजूत. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकराचा आकडा रूढ झाला. कलम ५५ मध्ये महिन्यांची अशी सवलतच नाही. त्याच कलमातली दुसरी तरतूद आमच्या ओळखीच्या वकीलसाहेबांनी वाचून दाखवली तेव्हा आमच्या आळीतले चार मालक गप्प झाले. नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य. ते खोडून काढायचं तर मालकानं सिद्ध करायचं. इतकी वर्षं आपण त्याची झडती घेत होतो आणि कायदा मुळात त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून बसला होता! करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल आणि मुदत संपूनही माणूस उठला नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं भरपाई मागता येते. ही सोय कुठल्याही आडनावात नाही.

आता नोंदणी ऑनलाइन होते, अंगठा यंत्रावर टेकवायचा, झालं. जायची तारीख कागदावर आली की निम्म्या चौकशीची गरजच संपते. उरलेल्या निम्म्यात भाडेकरूचेही प्रश्न बसतात: नळाला पाणी कितव्या दिवशी, लाईटबिल कसं, गच्चीवर कपडे वाळत घालू देता का. आमच्याकडं येऊन गेलेल्या एका नर्सबाईनं तर आईलाच विचारलं, "काकू, तुम्ही रात्री फाटकाला कुलूप किती वाजता लावता? माझी रात्रपाळी असते." आईला पहिल्यांदाच स्वतःबद्दल उत्तर द्यावं लागलं आणि ते तिला जड गेलं.

आईचा स्वभाव काही बदलणार नाही, आणि बदलू नये. सोयरीक शोधण्यात तिला जो आनंद मिळतो तो भाड्यात नाही. फक्त क्रम बदलून घेतला आहे. आधी करार, मग किल्ली, मग चहा. चहाच्या वेळी तिनं खुशाल विचारावं, "कोण गाव, पाव्हणं?" तोवर खोली दिलेली असते.