जेव्हीएलआरवरच्या वेड्यांना दंडवत

मुंबईची लोकल धावते उत्तर-दक्षिण. पूर्व उपनगरातून पश्चिमेला जायचं तर मोठ्या वाटा मोजक्याच, आणि त्यांतली एक म्हणजे जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड, सगळ्यांच्या तोंडी जेव्हीएलआर. पश्चिम द्रुतगती महामार्ग सोडून आरे, सीप्झ, पवई तलाव, आयआयटी असं करत हा रस्ता सुमारे साडेदहा किलोमीटरवर पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो. त्यावर हुशार माणसांचा तोटा नाही. मला कौतुक करायचं आहे ते लोक ज्यांना वेडे म्हणतात त्यांचं.

पहिला वेडा संध्याकाळी पवईत, साकी विहार रोड येऊन मिळतो तिथे भेटतो. सिग्नल हिरवा झालेला असतो, पण पलीकडे गाड्या तुंबलेल्या असतात. म्हणून तो पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबतो. मागून हॉर्नचा भडिमार होतो. ‘ए, झोपलास काय?’ असं कुणीतरी ओरडतं. शेजारचा त्याला डावलून पुढे घुसतो आणि चौकाच्या मधोमध अडकतो. तेवढ्यात आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटतो, पण तिकडच्या गाड्यांना वाट कुठे आहे? मग त्याही घुसतात आणि सगळ्याच दिशांची गाठ बसते. ही गाठ वाहनांच्या संख्येने जितकी बसते, तितकीच ‘आपण तेवढे निघू’ या घाईने बसते. थांबणारा स्वतःचा एक सिग्नल घालवतो आणि अनोळखी शंभर जणांची वाट मोकळी ठेवतो. मला हा मोठा माणूस वाटतो.

दुसरा वेडा रुग्णवाहिकेला वाट देतो. यात विशेष काय, असं वाटेल. विशेष पुढे आहे: ती गेल्यावर तिच्या मागोमाग तो सटकत नाही. आधीच मेट्रो ६ चे खांब आणि बांधकामाच्या बॅरिकेडमुळे रस्ता जागोजागी आवळलेला. तिथे पुन्हा रांगेत शिरायला जागा मागावी लागते, आणि ती सहजासहजी कुणी देत नाही. हे ठाऊक असूनही तो बाजूला होतो.

तिसऱ्यापुढे मात्र मान लववावी. २०१५ च्या पावसात याच रस्त्यावरच्या खड्ड्याने एका बापाचा तरुण मुलगा नेला. तेव्हापासून तो बाप खडी, डेब्रिज, पेव्हर ब्लॉकचे तुकडे, मिळेल ते आणून शहरातले खड्डे स्वतःच्या हाताने बुजवतो. डांबराच्या भेगेत पाणी शिरलं की खडी सुटते आणि चाकं ती उडवून लावतात, त्यामुळे बुजवलेला खड्डाही पुन्हा उघडतो. तो पुन्हा भरतो. दुसऱ्याच्या घरी मुलगा गेल्याचा निरोप जाऊ नये, एवढंच त्याला हवं आहे.

खड्डे बुजवणं हे यंत्रणेचं काम आहे. ते तिने केलंच पाहिजे, आणि एका बापावर ही वेळ आली याची तिला लाज वाटली पाहिजे. कोंडी कमी करायला मेट्रो ६ होईल, गोरेगाव–मुलुंडचा बोगदाही होईल. पण चौकात घुसायचं की थांबायचं, हे तेव्हाही ज्याचं त्यालाच ठरवावं लागणार आहे. उद्या हिरव्या दिव्यातही थांबलेला कुणी पुढे दिसला, तर हॉर्न वाजवू नका. त्याच्या मागे थांबा.