रस्ता वाकडा, केस सरळ

गडचिरोलीत आलापल्लीहून एटापल्लीकडे निघालं की सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक पुढे, मागे आणि नशीब फिरलेलं असेल तर अंगावर. या रस्त्यासाठी चक्काजाम झाले, निवेदनं गेली, आश्वासनं आली. तो सरळ कधी होणार ते ठाकूरदेवालाच ठाऊक. पण गावात पोचून पार्लरची पायरी चढलात की पोरीचे केस चार तासांत सरळ. विकासाला कुठून तरी सुरुवात करावीच लागते.

पाटीवर नावं नाना तऱ्हेची. स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, केराटिन. अलीकडे हेअर बोटॉक्सही आलंय. नाव जितकं कळेनासं, तितका भाव चढा. हंगाम एप्रिल-मेचा, कारण लग्नं तेव्हाच आणि तेंदूपत्ताही तेव्हाच. मायनं भल्या पहाटे जंगल गाठायचं, 70-70 पानांचे पुडे बांधायचे आणि त्या मजुरीतले काही हजार पोरीच्या टाळूवर ओतायचे. का, तर पाहुणे येणार आहेत. पाहुण्यांना म्हणे झिपऱ्या चालत नाहीत.

विदर्भातल्या कोणत्याही विहारात जा, बुद्धमूर्तीचे केस कुरळे. शेजारच्या मंदिरातल्या कृष्णाच्या बटाही कुरळ्याच. पूजेला कुरळे चालतात, लग्नाला सरळ लागतात.

सरळ होतात म्हणजे नेमकं काय होतं, हे दरपत्रकात लिहिलेलं नसतं. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्यातले गंधकाचे जोड केसाचं वळण धरून ठेवतात. रिबॉन्डिंगचं क्रीम हे जोड तोडतं, मग तापलेल्या इस्त्रीनं केस ताणायचा आणि दुसऱ्या द्रावणानं जोड पुन्हा बसवायचे. तुटलेले सगळेच जोड काही परत बसत नाहीत. म्हणून केस दिसतो रेशमी आणि तुटतो कडकन. ‘केराटिन ट्रीटमेंट’ची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्यात केराटिन पाटीपुरतं. खरं काम करतं फॉर्मल्डिहाइड, नाहीतर ग्लायऑक्झिलिक आम्ल. मेडिकल कॉलेजात प्रेतं टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये असतं, तेच हे फॉर्मल्डिहाइड. इस्त्री फिरली की वाफ उठते, डोळ्यांना धार लागते, घसा खवखवतो. “थोडं लागनच ना ताई, ट्रीटमेंट हाये,” अशी समजूत काढली जाते.

केस सरळ करण्याच्या क्रीमचा धंदा अमेरिकेत ज्यांनी मांडला, त्यांत गॅरेट मॉर्गन हा कृष्णवर्णीय संशोधक होता. शिवणयंत्राच्या सुईसाठी वंगण शोधताना हे क्रीम हाती लागलं आणि त्यानं ते आधी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर लावून पाहिलं, अशी गोष्ट सांगतात. 1913 मध्ये त्यानं कंपनी काढली. पुढच्याच वर्षी याच गृहस्थानं धुरापासून वाचवणाऱ्या मुखवट्याचं पेटंट मिळवलं. जगभरच्या पार्लरांनी क्रीम तेवढं उचललं, मुखवटा विसरले.

आणि मुखवट्याची गरज सगळ्यात जास्त पार्लरवाल्या ताईंनाच आहे. पोरगी ती वाफ वर्षातून एकदा घेते, ताई हंगामभर रोज घेतात, दहा बाय दहाच्या गाळ्यात, दार लोटून. एका ताईंना विचारलं, बाटलीत असतं काय? “कंपनीचा मानूस सांगते तेवढंच मालूम, म्याडम.” मग खिडकी तरी उघडी ठेवा! “खिडकी उघडली तं ट्रकची लाल धूळ येते आन् गिऱ्हाईक बोंबलते.” यावर मला उत्तर सुचलं नाही. सरकारलाही सुचलेलं दिसत नाही.

आता थोडे आकडे, कारण ‘काही होत नाही हो’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. अमेरिकेत 33,497 बायकांची जवळपास 11 वर्षं नोंद ठेवली आणि 2022 मध्ये निष्कर्ष छापला. केस सरळ करणारं काही कधीच न लावणाऱ्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा लावणाऱ्यांत 4.05 टक्के. अडीच पटीच्या आसपास. क्रीममुळेच झाला, असं यातून सिद्ध होत नाही आणि मूळ आकडाही लहानच आहे. म्हणून घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. दुसरी गोष्ट ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मार्च 2024 मध्ये आली. 26 वर्षांची एक तरुणी 2020, 2021 आणि 2022 अशी तीन वेळा केस सरळ करून आली आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांनी मान टाकली. क्रीममध्ये होतं ग्लायऑक्झिलिक आम्ल. शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात, असं डॉक्टरांनी उंदरांवर करून दाखवलं. तेव्हा बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ छापलंय म्हणून लगेच नारळ फोडू नका. त्याच्या जागी कोण बसलंय ते आधी बघा.

एवढं वाचून एखादीनं हा नाद सोडला, असं समजू. पुढे काय? महिन्याला साधारण सेंटीमीटरभर नवा केस येतो आणि तो येतो आपल्या मूळच्या वळणाचा. खालचा मात्र सपाटच. दोन-तीन महिन्यांत डोक्यावर युतीचं सरकार: वरचा गट एका दिशेला, खालचा दुसऱ्या, आणि फूट पडते ती नेमकी जोडावर. केस तिथेच तुटतो. यावर इलाज एकच, कात्री. क्रीमनं सरळ झालेला केस कोणत्याही तेलानं, लेपानं किंवा नवसानं परत कुरळा होत नाही. नवा वाढू द्यायचा, जुना थोडा थोडा छाटत जायचा. खांद्यापर्यंत आपले स्वतःचे केस हवे असतील तर दोन-अडीच वर्षं धरा. धीर नसेल तर एकदाच बारीक कापून मोकळं व्हा आणि नातेवाइकांना तिरुपतीला जाऊन आले म्हणून सांगा.

निगा सोपी आहे. कुरळा केस कोरडा असताना विंचरायचा नाही. ओला असताना रुंद दातांच्या फणीनं, खालून वर सोडवत जायचं. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपायचं. रोज शाम्पू नको. झोपताना सैल वेणी. झालं.

एवढ्या स्वस्तात सुटू देईल तर तो बाजार कसला! काल ज्यांनी कुरळ्यांचे सरळ करायची बाटली विकली, तेच आज ‘आहात तशाच सुंदर आहात’ म्हणत दुसरी बाटली विकतात. कुरळ्यांचा वेगळा शाम्पू, कुरळ्यांचं वेगळं जेल, कुरळ्यांची रेशमी उशी. आहे तसं राहण्याचा खर्च बदलण्याच्या खर्चाला गाठतोय.

त्यात तेलाची कथा ऐका. एटापल्ली-भामरागडच्या घरांत मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल जेवणालाही असायचं आणि डोक्यालाही. शहरातून आलेल्यांनी नाकाला रुमाल लावला. तेच आता छोट्या काचेच्या बाटलीत ‘कोल्ड-प्रेस्ड’ होऊन रुमालवाल्यांच्याच घरी जातं. टोळीच्या तेलाचं वेड मीही लावणार नाही. तेलानं केस वाढत नाहीत, फार तर तुटायचे कमी होतात. खोबरेल धुतानाची प्रथिनांची झीज कमी करतं, असं 2003 च्या एका अभ्यासात दिसलं. तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या मॅरिकोच्याच शास्त्रज्ञांचा होता, हेही लक्षात असू द्या.

फणीचं म्हणाल तर या भागाला कुणी शिकवायला नको. सीमेपलीकडच्या बस्तरातल्या मुरिया आदिवासींवर मानववंशशास्त्रज्ञ वेरियर एल्विन यांनी 1947 साली जाडजूड ग्रंथ छापला. मुरियांच्या घोटुलात, म्हणजे तरुण पोरापोरींच्या सामायिक घरात, पोरगा फणी कोरून आवडत्या पोरीला द्यायचा आणि ती पोरगी अशा फण्या केसांत खोचून मिरवायची. म्हणजे पोरीच्या केसांसाठी पोरगा राबायचा. आपण सुधारलो; आता पोराला दाखवायला पोरीचे केस भाजतो.

कामाच्या जागी किंवा शाळेत केसांच्या मूळ ठेवणीवरून कुणाला वगळू नये म्हणून कॅलिफोर्नियानं 2019 साली कायदा केला. आपल्याकडे हे खातं मामी-आत्यांकडे असतं. त्याआधी निवासी शाळेत उवा झाल्या म्हणून पोरीचे केस कापतात. बारावी होऊन बाहेर पडली की कुठे पहिल्यांदा पाठीवर रुळतात, आणि दोन वर्षांत मध्यस्थ दारात उभा. केस स्वतःच्या ताब्यात राहतात ते तेवढेच दिवस.

पण सगळ्याच आत्या सारख्या नसतात. परवा अशाच एका घरी निरोप आला: मुलगी पसंत आहे, केस तेवढे सरळ करून घ्या. आत्यानं मध्यस्थाला चहा पाजला, कप खाली ठेवू दिला आणि म्हणाली, “करून घेऊ ना भाऊ. पयले पोराच्या डोक्यावर किती उरले, तेवढं पाहून सांगा.”