कार्डवैद्य

भाऊंच्या मते जगात दोनच जातींची मेमरी कार्डं असतात: गेलेली आणि जाणारी. कल्याण-नगर रस्त्यावरच्या वैशाखऱ्यात त्यांना सगळे कार्डवैद्यच म्हणतात. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. गाडी आगारात शिरतानाच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, नाडी बघायची खोड सुटली नाही.

भाच्यानं कोंबड्यांच्या शेडमध्ये रास्पबेरी पाय बसवून दिला आणि भाऊंना कायमचा रोगी मिळाला. 2012 साली इंग्लंडात केंब्रिजच्या मंडळींनी शाळकरी पोरांसाठी बाजारात आणलेला हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. त्याला हार्डडिस्क नाही. सगळा जीव मायक्रोएसडी कार्डात. शेडचं तापमान दर मिनिटाला लिहून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्या पावसातच त्यानं ते सोडलं.

भाऊंचे उपचार ठरलेले. कार्ड काढायचं, फुंकर मारायची, सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासायच्या, बनियनला पुसून उन्हात ठेवायचं. आषाढात इथं ऊन कुठलं? म्हणून मग तांदळाच्या डब्यात.

"अहो," काकूंनी एकदा जेवताना विचारलं, "आज भातात दाताखाली कचकन काय आलं?"

"थुंकू नकोस!" भाऊ ताटावरून उठले. "बत्तीस जीबीचं असेल."

त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. बाजारातून स्वस्तात आणलेलं एक कार्ड खरंच लबाड निघालं. वर छापलेलं 64 जीबी, आत जेमतेम 8. अशी कार्डं संगणकालाही खोटंच सांगतात आणि खरी जागा भरेपर्यंत गुण्यागोविंदानं नांदतात. भाच्यानं एफ-थ्री नावाचा प्रोग्रॅम शिकवला: कार्ड काठोकाठ भरायचं, मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहायचं. तेव्हापासून भाऊंचा कशावरच विश्वास राहिला नाही. वाण्याच्या दुकानात साखरेची पिशवी हातात घेऊन म्हणाले, "वर एक किलो छापलंय खरं. भरून वाचलीस का?"

नाणेघाटाच्या वाटेला लागलेले ट्रेकर दिसले की भाऊ त्यांना थांबवतात. "वर लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख आहे. ब्राह्मीत. आकडेसुद्धा आहेत. दोन हजार वर्षं झाली, बॅकअप नाही, काही नाही!" त्यातली बरीच अक्षरं झिजलीत, असं एका पोरानं सांगून पाहिलं. "झिजलीत ना? पण आधी फॉरमॅट करा, असं तरी म्हणत नाहीत!"

भाऊंनी संशय घेतला नाही अशी एकच वस्तू घरात होती: चार्जर. पहिल्या टचफोनबरोबर आलेला, वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी. स्वतः जपलेली वस्तू बिघडते, हे भाऊंच्या शास्त्रात बसत नाही. संगणक टीव्हीला जोडला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची. भाऊ ती कौतुकानं शेजाऱ्यांना दाखवत. "पावसाचा अंदाजपण सांगतो."

भाच्यानं ती वीज पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मामा, याला पाच व्होल्ट लागतात. दाब 4.63 च्या खाली गेला की ही खूण येते. कार्डावर लिहिणं चालू असताना दाब पडला की नोंद अर्धवट राहते, फाइलींचा हिशेब विस्कटतो आणि मग मशीन सुरूच होत नाही. कार्ड मरत नाही, बेशुद्ध पडतं."

त्यानं 5.1 व्होल्ट, अडीच अँपिअरचा चार्जर लावला. वायर जाड आणि आखूड घेतली. लाइट गेली तर मशीन नीट बंद होईल, एवढा वेळ तग धरणारी बॅटरी जोडली. फ्लॅशवर पुन्हा पुन्हा लिहिण्यालाही मर्यादा असते, म्हणून तापमान रॅममध्ये साठवून तासाला एकदाच कार्डावर उतरवायचं ठरवलं. मग तांदळाच्या डब्यातली कार्डं एकेक काढून तपासली. ते 64 चं सोंग सोडलं तर बाकीची ठणठणीत. काहींचा विस्कटलेला हिशेब एफएससीके नावाचा दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवून सावरला, एकावर सगळं नव्यानं टाकलं, आणि संगणक धडाधड सुरू झाला.

"बघ," भाऊ काकूंना म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? तांदळाला गुण यायला वेळ लागतो."

आता टोकावड्यापर्यंत कुणाचंही यंत्र बंद पडलं की भाऊ आधी चार्जर मागतात, आणि 4.63 हा आकडा स्वतः शोधून काढल्यासारखा ऐकवतात. स्वतःचा जुना चार्जर मात्र टाकवला नाही. चांगली वस्तू टाकायची कशी? तो त्यांनी जावयाला दिला. परवा जावयाचा फोन आला, मोबाइल रात्रभर लावला तरी चार्ज होत नाही.

भाऊंनी चष्मा लावला. "जावईबापू, आतलं कार्ड कुठल्या कंपनीचं आहे?"