नियमात कुठं लिहिलंय?

काही माणसं नियमपुस्तक वाचतात ती नियम पाळण्यासाठी नव्हे, त्यात काय लिहायचं राहून गेलंय ते हुडकण्यासाठी. आपल्याकडे असा गृहस्थ सोसायटीच्या वार्षिक सभेत उपविधींची पुस्तिका घेऊन पहिल्या रांगेत बसतो आणि सेक्रेटरीचा रक्तदाब वाढवतो. अमेरिकेत तो फ्लोरिडातल्या डेटोना बीचला गॅरेज काढून बसला होता. नाव हेन्री युनिक. पण सगळे म्हणायचे स्मोकी, कारण तरुणपणी तो शर्यतीत पळवायचा ती मोटारसायकल धूर फार ओकायची.

शाळा अर्ध्यावर सुटलेली. दुसऱ्या महायुद्धात बी-17 बॉम्बर उडवून हा गडी परतला आणि 1947 मध्ये त्यानं गॅरेज उघडलं. पाटीवर रंगवलं : 'बेस्ट डॅम गॅरेज इन टाउन'. पाटीतच शिवी, तेव्हा मालकाच्या तोंडाबद्दल वेगळं काय सांगायचं? डोक्यावर चुरगळलेली काउबॉय हॅट, तोंडात पाइप आणि अंगात पांढरेशुभ्र कपडे. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणाऱ्यानं पांढरे कपडे घालावेत, यातच सगळा स्वभाव आला.

स्टॉक कार म्हणजे दिसायला शोरूममधल्यासारखी, पळायला मात्र नाही, अशी गाडी. तिच्या शर्यती भरवणारी संस्था नासकार. स्मोकीच्या पॉन्टिअॅक गाड्यांनी 1961 आणि 1962 असं सलग दोनदा डेटोना 500 ही शर्यत जिंकली. माणूस नुसता वाद घालणारा नव्हता, हे एवढ्यासाठी सांगितलं.

आता टाकीचं प्रकरण. पेट्रोलची टाकी केवढी असावी हे नियमात होतं. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी केवढी असावी हे नव्हतं. झालं! स्मोकीनं दोन इंच जाडीची, अकरा फूट लांबीची नळी वेटोळी करून बसवली आणि तिच्यात पाच गॅलन जादा पेट्रोल नेलं, असं सांगतात. मी हिशेब केला. एवढ्या नळीत दोन गॅलनसुद्धा मावत नाहीत. म्हणजे नळी स्मोकीनं वाढवली आणि पेट्रोल सांगणाऱ्यांनी. दुसऱ्या एका किश्शात टाकी मुळातच मोठी, पण आत फुगवलेला बास्केटबॉल. तपासणीच्या वेळी माप बरोबर भरायचं, मग बॉलमधली हवा काढली की झालं.

सगळ्यात गाजलेला किस्सा 1968 चा. डेटोनाच्या तपासनीसांनी त्याच्या शेव्हेल गाडीची टाकी उतरवून जमिनीवर ठेवली आणि नऊ दोषांची यादी हातात दिली. स्मोकीनं यादी वाचली, दहावा दोषही लिहून घ्या म्हणाला, बिनटाकीच्या गाडीत बसला, ती चालू केली आणि गॅरेजकडे निघून गेला. यात मीठमसाला किती, हे विचारू नये. तपासनीसांचे चेहरे डोळ्यांपुढं आणावेत.

याच शेव्हेलच्या आदल्या वर्षीच्या बहिणीनं कंपन्यांच्या बड्या संघांच्या नाकावर टिच्चून पोल पोझिशन, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा, मिळवली होती, ताशी 180 मैलांच्या वर जाऊन. मग अफवा उठली की स्मोकीनं अख्खी गाडीच सात अष्टमांश मापाची केलीय. तसं काही नव्हतं. बारीकसारीक फेरफार शेकड्यानं केले होते, एवढंच. कधीकधी डोकं फारच पुढं पळायचं. 1964 साली इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी त्यानं अशी गाडी बांधली की ड्रायव्हर मुख्य सांगाड्याच्या डावीकडे, साइडकारसारख्या वेगळ्या डब्यात! वळणं सगळी डावीकडची, मग वजनही डावीकडेच हवं, हा हिशेब. गाडी शर्यतीआधीच आदळली. आता ती तिथल्या संग्रहालयात आहे.

त्याच वर्षी शार्लटच्या शर्यतीत भाजलेला फायरबॉल रॉबर्ट्स गेला. 1962 ची डेटोना स्मोकीच्या गाडीत जिंकणारा तोच. त्यानंतर स्मोकी सुरक्षेसाठी भांडत राहिला. भिंतीवर आदळणारा माणूस वाचावा म्हणून प्लायवुडच्या फळ्यांमध्ये जुने टायर कोंबलेली भिंत त्यानं सुचवली होती. ती कुणी मनावर घेतली नाही. पळवाटा शोधणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याचा सरळ अर्ज कोण वाचणार? नासकारचे सर्वेसर्वा बिल फ्रान्स यांच्याशी त्याचे खटके उडतच होते, आणि 1970 मध्ये त्यानं नासकारला रामराम ठोकला. धक्का शोषणाऱ्या भिंती इंडियानापोलिसला 2002 मध्ये बसल्या, पोलाद आणि फोमच्या. स्मोकी आदल्या वर्षीच्या मे महिन्यात वारला होता.

आत्मचरित्र मात्र लिहून गेलाय, तीन खंडांचं. मिळालं तर जरूर वाचा. शिव्या गाळल्या तर दोन खंडांत आटपेल.