धक्का न लावणारा हॉकीवाला

कॅनडातील बहुतेक शहरांत नगरपालिकेची बंदिस्त रिंक असते, म्हणजे छताखाली यंत्राने गोठवलेल्या बर्फाचे, चारही बाजूंनी फळ्यांच्या भिंतीने वेढलेले मैदान; आणि या रिंकच्या वेळापत्रकात हॉकीचे सामने, मुलांचे वर्ग आणि फिगर स्केटिंगचा सराव यांच्या फटीत तास-दोन तासांचा असा अवधी राखलेला असतो की ज्यात थोडके शुल्क भरून कोणीही बर्फावर उतरावे. या अवधीला तेथे ‘पब्लिक स्केट’ म्हणतात. त्यात वर्षानुवर्षे एकाच संथ गतीने फेऱ्या घालणारे आजोबा असतात, वाढदिवसाच्या निमित्ताने सोडलेली डझनभर मुले असतात, हातात हात घालून फिरणारी आणि म्हणून एकत्रच पडणारी जोडपी असतात, आणि मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनच्या रिंकवर पहिलाच हिवाळा काढत असलेले, कानटोपी आणि मफलर यांच्या आतून भिंतीशी आजन्म निष्ठा व्यक्त करणारे एखादे मराठी कुटुंबही असते. या सर्वांच्या मधून, कोणालाही धक्का न लावता आणि सर्वांनाच धक्का देत, जो पुरुष सरसरत जातो, तो प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या पुरुषाचे वय बारा ते पंचावन्न यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. लहानपणी त्याच्या अंगावर संघाचे नाव शिवलेले जाकीट असते आणि प्रौढपणी ‘बिअर लीग’चे, म्हणजे नोकरदार मंडळी रात्री उशिरा खेळतात आणि खेळण्याइतकाच वेळ खेळानंतरच्या पेयपानाला देतात त्या हौशी स्पर्धेचे, मधल्या काळात वाढतो तो केवळ पोटाचा घेर, आत्मविश्वास आधीच पूर्ण वाढलेला असतो. भाड्याच्या स्केट्सना तो हात लावत नाही. स्केटचे पाते सपाट नसून त्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ कोरलेली असते, त्यामुळे प्रत्येक पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात, आणि बर्फावर जे काही वळणे, थांबणे आणि वेग घेणे शक्य होते, ते या धारांच्या बळावर. भाड्याच्या स्केट्सच्या धारा शेकडो पायांनी बोथट केलेल्या असतात. हॉकीवाल्याच्या धारा मात्र नुकत्याच लावून आणलेल्या असतात. शिवाय हॉकीचे पाते दोन्ही टोकांना वर वळलेले असते आणि त्याला फिगर स्केटच्या पात्यासारखे पुढचे दाते नसतात, त्यामुळे तो जागच्या जागी गर्रकन वळू शकतो. वळू शकतो म्हणून वळतो. इतर कारण शोधण्याचे प्रयोजन नाही.

नियम मोडणारा म्हणून त्याची नोंद करणे मात्र अन्यायाचे ठरेल. प्रवेशद्वाराशी लावलेल्या पाटीवरचा प्रत्येक नियम तो अक्षरशः पाळतो. सर्वांनी एकाच दिशेने, बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट म्हणजे देवळातील प्रदक्षिणेच्याही उलट, फिरावे असा नियम असतो. तो त्याच दिशेने फिरतो, फक्त तोंड मागे करून, कारण बचावफळीतील खेळाडूला उलटे स्केटिंग आलेच पाहिजे आणि त्याचा सराव कोठेतरी करायलाच हवा. स्टिक आणि पक, म्हणजे हॉकीची काठी आणि चेंडूऐवजी वापरली जाणारी कठीण रबराची चकती, आत आणण्यास मनाई असते. तो रिकाम्या हातांनी येतो, परंतु ते हात मात्र अदृश्य स्टिक धरलेल्या अवस्थेत असतात, आणि जवळून पाहिल्यास असे दिसते की तो एक अदृश्य पक आजोबांच्या डावीकडून काढून वाढदिवसाच्या मुलांच्या उजवीकडून नेत आहे. शर्यत लावू नये असेही लिहिलेले असते. एकट्याने लावलेल्या शर्यतीला शर्यत म्हणत नाहीत, आणि ज्यांना आपण शर्यतीत आहोत याची कल्पना नाही त्यांना स्पर्धक म्हणता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद असतो व तो तर्कदृष्ट्या निर्दोष आहे.

‘माझा कोणालाही धक्का लागत नाही’ हे त्याचे मुख्य प्रतिपादन असून ते बव्हंशी खरे आहे, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. त्याच्या कौशल्याचा सारा पाया समोरच्याच्या हालचालीचा अंदाज घेण्यावर उभा असतो: खांदा कोणीकडे झुकला, कंबर कोणीकडे वळली, यावरून तो माणूस पुढच्या क्षणी कोठे असेल हे त्याने बालपणापासून शिकलेले असते. परंतु हे शास्त्र अशा माणसांवर बेतलेले आहे ज्यांना स्वतःला कोठे जायचे ते ठाऊक असते. नवशिक्याचा खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे आणि पाय निरनिराळ्या प्रांतांत गेलेले असतात, आणि त्याची पुढची जागा कोणती हे खुद्द त्यालाही पडल्यावरच कळते. वास्तविक नवशिक्या आपल्या रेषेत स्थिर राहिला तर हॉकीवाला हातभर अंतराने निघून जाईल. पण मागून धारेचा खर्रर आवाज आला की सभ्य मनुष्य बाजूला होतो, आणि ज्या बाजूला होतो, नेमक्या त्याच बाजूने जाण्याचे हॉकीवाल्याने ठरवलेले असते. तेवढ्यावरही तो चुकवून जातोच. त्याच्या जाण्याने दचकलेला इसम मात्र हवेत हात फिरवीत मागे कलतो, पुढे कलतो, क्षणभर सावरल्यासारखा होतो आणि मग बसतो. ही संपूर्ण घटना हॉकीवाल्याच्या पाठीमागे घडत असल्याने त्याने एकही अपघात पाहिलेला नसतो. पुढच्या फेरीत तोच इसम बर्फावर बसलेला दिसला की त्याला मनापासून कणव येते आणि लोक शिकल्याशिवाय रिंकवर कसे येतात याचे आश्चर्यही वाटते.

या भीतीला गणिताचा आधार आहे. उत्तर अमेरिकेतील हॉकीची प्रमाणित रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. व्यावसायिक खेळाडू ताशी ३० किलोमीटरच्या पुढे सहज जातात आणि त्या वेगाने रिंकची लांबी साडेसात सेकंदांच्या आत संपते. पब्लिक स्केटमधला हॉकीवाला तेथवर पोहोचत नाही, निदान गर्दीमुळे तरी. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ५ किलोमीटरने सरकणाऱ्या नवशिक्याच्या तिपटीने जाणारा तितक्याच वजनाचा मनुष्य नऊपट ऊर्जा घेऊन येत असतो. मराठी गृहस्थ हे गणित करू शकतात, कारण त्यांच्यात एक तरी अभियंता असतोच. मात्र ते करता करता गुडघे वाकवायचे राहून जातात. हेल्मेट लहान मुलांसाठी असते अशीही त्यांची समजूत असते, वास्तविक ताठ उभा राहून मागच्या मागे पडणारा प्रौढच डोक्यावर आपटण्याचा संभव अधिक. पडताना टेकलेल्या हाताचे मनगट मोडते. आणि पडल्यावर बोटे पसरून बसण्याऐवजी मुठी मिटून लवकर उठावे, हे रिंकवर पहिल्याच धड्यात शिकवतात, कारण मागून येणाऱ्याच्या पात्याला बोट आणि बर्फ यांतील भेद कळत नाही. या एका मुद्द्यावर विनोद संपतो.

‘हॉकी स्टॉप’ हा या पुरुषाचा खास अलंकार होय. पूर्ण वेगात असताना दोन्ही पाती एकदम आडवी करून थांबणे असे त्याचे स्वरूप असून त्यात धारेने खरवडलेल्या बर्फाचा फवारा उडतो. सामन्यात ही क्रिया थांबण्यासाठी केली जाते. पब्लिक स्केटमध्ये ती मित्राच्या विजारीवर स्नेह व्यक्त करण्यासाठी केली जाते, आणि मित्राने वेळीच उडी मारल्यास तो स्नेह पलीकडे उभ्या असलेल्या आजींना प्राप्त होतो.

हा संघर्ष आजचा नाही. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये जेम्स क्रेटन यांच्या पुढाकाराने बंदिस्त जागेतील हॉकीचा पहिला संघटित सामना झाला, तेव्हा चेंडू उडून प्रेक्षकांना लागेल या धास्तीपोटी त्याऐवजी लाकडाची चपटी चकती वापरण्याचे आधीच जाहीर करण्यात आले होते. म्हणजे पकच्या चपट्या आकारामागे बघ्यांच्या सुरक्षिततेचा विचार आहे. प्रेक्षकांची अशी काळजी घेतल्यानंतर सामना संपताच रिंकवर मारामारी झाली, डोकी आणि नडग्या शेकल्या, बाकडी मोडली आणि स्त्रियांनी पळ काढला, असे किंग्स्टनच्या एका वृत्तपत्राने छापले. हॉकीला छप्पर मिळाले त्याच संध्याकाळी छपराखालच्या इतरांना ती नडली, हा योगायोग मानणे कठीण आहे.

व्यवस्थापनाने उपाय केलेला असतो. बर्फावर पिवळे किंवा लाल जाकीट घातलेला, शिट्टी बाळगणारा रक्षक फिरत असतो; परंतु तो बहुधा सोळा-सतरा वर्षांचा स्थानिक मुलगा असतो आणि ज्याला हळू जा म्हणून सांगायचे तो त्याच्याच संघाचा कर्णधार निघतो. मधल्या वर्तुळात गिरक्या घेणाऱ्या फिगर स्केटर मुली त्याहून परिणामकारक ठरतात, कारण त्या फक्त बघतात. त्यांच्या सरावात ज्याचे संगीत वाजत असेल त्याला इतरांनी वाट द्यावी असा संकेत असतो, आणि हॉकीवाल्याचे संगीत तर त्याच्या कानात अखंड वाजत असते.

त्याच्यासाठी स्वतंत्र वेळाही असतात: ‘शिनी’, म्हणजे पंच आणि गुणफलक यांच्याशिवाय जमेल तसे खेळले जाणारे हॉकी, आणि ‘स्टिक अँड पक’, म्हणजे सामना न खेळता केवळ चकती मारण्याचा सराव. तेथे तो जातोही. परंतु तेथे सगळेच त्याच्याइतके वेगवान असतात आणि कित्येक अधिक. तेथे त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पब्लिक स्केटमध्ये मात्र तो निर्विवाद श्रेष्ठ असतो, आणि आठवड्यातून दीड तास असे श्रेष्ठत्व स्वस्तात मिळत असेल तर ते नाकारण्याइतका विरक्त मनुष्य कोणत्याही खेळात दुर्मिळ आहे. न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. झँबोनी, म्हणजे बर्फ खरवडून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर पसरणारे यंत्र, फिरून गेल्यावर दार उघडताच तो सर्वांच्या आधी आत शिरतो, आणि त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात, कोऱ्या बर्फावर तो एकटाच असताना, एका धारेवरून दुसऱ्या धारेवर इतक्या सहजतेने झुलतो की भिंतीशी उभी असलेली माणसे लेस बांधायचे विसरतात. मग ती माणसे आत येतात.

पुढे त्याला मुलगी होते. तीन वर्षांच्या त्या मुलीला हेल्मेट घालून, गुडघ्यांच्या मध्ये धरून, कंबरेत वाकून तो संथ गतीने फेरी घालतो, तिच्या आणि रहदारीच्या मध्ये आपले शरीर ठेवतो, आणि शेजारून कोणी पोरगा सर्रकन गेला की रक्षकाकडे रीतसर तक्रारही करतो. पोराला त्या तक्रारीचा अर्थ कळत नाही, कारण त्याने धक्का लावलेलाच नसतो. मुलगी सात वर्षांची होते तेव्हा तिच्या पायांत हॉकीचे स्केट्स असतात. ती आजोबांच्या डावीकडून शिरते, उजवीकडून निघते, भिंतीशी उभ्या असलेल्या कुटुंबावर बर्फाचा छोटासा फवारा उडवून थांबते, आणि तो बाजूच्या पालकांना सांगतो की बघा, एवढ्या गर्दीतून आली, पण कोणाला धक्का लावला नाही.